सोफ्यावरची उडी

मी क्लॅप. शूटिंगच्या वेळी प्रत्येक शॉटच्या तोंडाशी खटकन वाजतो, तो. माझ्याशिवाय कॅमेरा फिरेल, पण शॉट सुरू झाला असं कुणी म्हणणार नाही.

जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या एका सुताराने मला बीच लाकडातून घडवलं. खाली काळी पाटी, वर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा जबडा, पितळी बिजागरी. शिक्षण म्हणाल तर अंगावर खडूने लिहिलेले आकडे, तेवढंच. सीन, शॉट, टेक. मला ते पुरलं.

मी विनोदी सिनेमे केले. रडके सिनेमे माझ्या वाट्याला आले नाहीत आणि मी मागितलेही नाहीत. आमच्याकडच्या विनोदी सिनेमांत एक ठरलेला माणूस असायचा. कंबर हलवत यायचा, गळ्यात गुलाबी रुमाल, मनगट लुळं. पुरुषावर प्रेम करणारा पुरुष म्हणजे असाच, असं लिहिणाऱ्यांनी ठरवून टाकलेलं. तो नुसता दारातून आत आला की थिएटर हसायचं. मी वाजायचो. माझं काम वाजण्याचं.

त्या माणसाच्या गालाला पावडर लावायचा आमचा मेकअपमन आन्सगार. स्वतः आन्सगारही गे. कंबर हलवत नसे. त्याची चाल गवंड्यासारखी होती.

त्याचा दोस्त एगोन, लाइटमन. बायको, दोन मुली, वाढलेलं पोट, कमी बोलणं. सकाळी दोघं दिव्यांच्या पेटीवर बसून पाव खात. पावावर कच्चा खिमा, वर कांदा. आन्सगार आपला कांदा एगोनच्या पावावर टाकायचा. नटांच्या तोंडाजवळ काम, वास नको. एगोन दोघांचा कांदा खायचा आणि दिवसभर त्याच्याजवळ कुणी फिरकत नसे. दोघांना तेच हवं असायचं.

मग तो सिनेमा आला. दोन मित्रांची गोष्ट. मिर्को नावाचा नट बायकोने घराबाहेर काढलेला नवरा झाला होता. तो मित्राच्या सोफ्यावर झोपायला येतो. मित्र सांगतो, मी गे आहे. की लगेच मिर्कोने सोफ्यावरून टुणकन उडी मारायची, चादर छातीशी धरायची, भिंतीला पाठ लावायची. इथे प्रेक्षक हसणार, असं कागदावर लिहिलेलं.

त्या सकाळी आन्सगारने आपली मेकअपची पेटी बंद करून दाराशी ठेवली.

"हे काय?" एगोनने विचारलं.

"एवढा सीन झाला की मी चाललो. कायमचा. बस झालं."

"वेड लागलंय का तुला? माझा कांदा कोण देणार?"

"विकत घे, कंजूसा."

एगोन हसला नाही. आन्सगारही नाही. मी गेझेच्या हातात होतो. ही पोरगी क्लॅप द्यायची आणि तिची पकड घट्ट होती. पण त्या दिवशी तिचा हात घामेजला होता. सगळ्यांनी ऐकलं होतं.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. पाटीवरचे सगळे आकडे सारखे आले की अख्ख्या युनिटला श्नॅप्स, म्हणजे कडक दारूचा एकेक घोट. ज्याच्या चुकीमुळे तो टेक घ्यावा लागला, त्याने पाजायचा. ही रीत कुणी मोडत नाही. कितीही घाई असो.

सीन चव्वेचाळीस, शॉट चार. तिसरा टेक चालू होता. मिर्कोची उडी बरी जमत होती. दिग्दर्शिका झिबिले "ठीक" म्हणणार, इतक्यात मोठा दिवा विझला.

एगोनचा दिवा कधी विझत नाही. पण मी त्याच्या समोरच होतो. त्याने बुटाने वायर ओढली, ते मी पाहिलं. त्याला वेळ हवा होता. दुसरं काही त्याला सुचलं नसावं.

गेझेने खडूने लिहिलं. चव्वेचाळीस, चार, चार. सगळीकडे चारच.

"श्नॅप्स!" सगळं युनिट ओरडलं.

टेक झाला. मिर्कोने उडी मारली. कुणी हसलं नाही. झिबिले "ठीक" म्हणाली आणि एगोनने बाटली काढली. ती त्याच्या पिशवीत तयारच होती, हेही मी पाहिलं.

आन्सगारने पेटी हातात घेऊन उभ्यानेच प्याला घेतला.

"पेटी घेऊन कुठे?" झिबिलेने विचारलं. सेटवर आम्ही सगळे अरे-तुरेतले, तीसुद्धा.

"घरी. झिबिले, ही उडी मी किती सिनेमांत पावडर लावून पाठवली. आता हात उचलत नाही."

"लोक हसतात रे."

"हसतात. मी नाही हसत. आणि तिकीट मीही काढतो."

मिर्को चादर खांद्यावर घेऊन उभा होता. तो म्हणाला, "मग खऱ्यात काय होतं? मला सांग ना. मीही उड्या मारून कंटाळलोय."

"एगोनला विचार. मी पहिल्यांदा त्यालाच सांगितलं."

"मला कशाला मधे घेतोस?" एगोन म्हणाला. "तूच सांग. तोंड तुझं मोठं."

आन्सगारने पेटी खाली ठेवली नाही, पण बोलायला लागला. "मी घर बदलत होतो. चौथा मजला, लिफ्ट नाही." आमच्याकडे घर बदलताना हमाल नसतात, मित्र असतात. बियर आणि सॉसेजवर राबतात. "वॉशिंग मशीन आम्ही दोघांनी उचललं. हा खाली, मी वर. अर्ध्या जिन्यात मी म्हणालो, एगोन, वर रोलांट आहे ना, तो भाडेकरू नाही. माझा माणूस आहे."

"अर्ध्या जिन्यात का?" गेझेने विचारलं.

"याचे दोन्ही हात अडकलेले होते. मारता आलं नसतं."

"मारतोय कशाला? मला वाटलं, हा वजनाने रडतोय," एगोन म्हणाला.

"आणि मग हा काय म्हणाला, माहितीये?"

"बरोबरच म्हणालो! म्हटलं, मशीन त्याचंही ना? मग तो कुठे मेलाय? माझी कंबर मोडतेय इथे!"

"रोलांट वर पडदे लावत होता."

"पडदे! अरे, मशीन जिन्यात आणि हा बाबा पडदे लावतो? तो माझ्या मनातून उतरला तो उतरलाच!"

"इतकी वर्षं झाली," आन्सगार म्हणाला, "मी गे आहे याचं याला काही नाही. पडद्यांचा राग अजून आहे."

झिबिलेच्या प्याल्यातली दारू सोफ्यावर सांडली, इतकी ती हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "उडी काढून टाका. उद्या जिना आणि वॉशिंग मशीन."

"रिकामं आणा हां," मिर्को म्हणाला.

"भरलेलं," एगोन म्हणाला. "त्याशिवाय तोंड तसं होत नाही."

"आन्सगार, येशील ना?" झिबिलेने विचारलं.

आन्सगारने एगोनकडे पाहिलं. एगोन वायर गुंडाळत होता. एकच वायर, पुन्हा पुन्हा.

"मशीन कोण उचलतंय ते बघायला तरी यावंच लागेल," आन्सगार म्हणाला, आणि पेटी उघडून मिर्कोच्या कपाळावरचा घाम टिपू लागला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात मला एवढं वाजवलं की जबड्याचा एक कोपरा उडाला. कॅमेऱ्यामागचेच लोक हसून टेक बिघडवत होते. साउंडवाला शिव्या देत होता. तो तुटका कोपरा मी पदकासारखा मिरवतो.

आता आकडे आपोआप चमकवणाऱ्या पाट्या आल्या. मला निवृत्त केलं. आन्सगार मला घरी घेऊन गेला. मी त्याच्या स्वयंपाकघरात, शेगडीच्या वर टांगलेला असतो. वाफेने लाकूड फुगतं. कुणीतरी मला तिथून हलवा. बाकी तक्रार नाही.

रविवारी एगोन येतो. तो, आन्सगार आणि रोलांट, तिघं म्हातारे टीव्हीवर नवे विनोदी सिनेमे बघतात. चांगले निघतात हल्ली. एका दोस्ताचं दुसऱ्या पुरुषाशी लग्न होतं आणि दुसरा दोस्त अंगठ्या हरवतो. तिघं खो खो हसतात. पण अधूनमधून ते लुळं मनगट, तो गुलाबी रुमाल अजून दारातून आत येतो. मग आन्सगार गप्प होतो.

तेव्हा एगोन कण्हत उठतो, मला खुंटीवरून काढतो आणि टीव्हीसमोर उलटा धरतो. आमच्या धंद्यात उलटा क्लॅप म्हणजे शॉट संपला.

मी वाजतो. या वयातही आवाज खणखणीत आहे.