सगळ्यांची वाट पाहणारी गाय

लोणी काळभोरच्या त्या गोशाळेबाहेर रविवारी सकाळी इतक्या मोटारी लागल्या होत्या, की एखाद्याला वाटावं, सोलापूर रस्त्यावर नवी कॉम्प्युटर कंपनी निघाली आणि आज मुलाखती आहेत. सदाशिव पेठेतले निवृत्त हेडमास्तर होते, मार्केट यार्डातले अडते होते, आणि सुट्टीच्या दिवशीही गळ्यात ओळखपत्र अडकवून फिरणारी आयटीतली पोरं तर कितीतरी. सगळ्यांच्या मोबाइलवर गोशाळेच्या उत्तरेश्वर महाराजांचा एसएमएस आला होता: "भूमाता बोलावते आहे. त्वरित निघा."

भूमाता म्हणजे एक गाय. विताना वासराचं तोंड बाहेर दिसू लागलं की गाय दोन तोंडांची, म्हणजे उभयमुखी होते. त्या वेळी तिला प्रदक्षिणा घातली की पृथ्वीप्रदक्षिणेचं पुण्य मिळतं, अशी आपल्याकडची जुनी समजूत. पूर्वी गोठ्यातली घरची माणसं हात जोडून एक फेरी मारायची आणि कामाला लागायची. महाराजांनी हे पुण्य शहराला पोचतं केलं. गाय कधी विणार हे त्यांना आदल्या दिवशीच कळतं, आणि शेवटच्या भक्ताची फेरी झाल्याशिवाय गाय वासरू सोडत नाही, हे दोन चमत्कार पुण्यात सर्वतोमुखी झाले होते.

मी जनावरांचा डॉक्टर. मला पुण्य नको होतं. माझी धाकटी बहीण अस्मिता तिथे होती म्हणून गेलो. तिचे दिवस भरत आले होते. पोटातलं पाणी कमी झालंय, लगेच दाखल व्हा, असं तिच्या डॉक्टरीणबाईंनी शुक्रवारीच बजावलं होतं. महाराज म्हणाले, "तुझी वेळ मी सांगेन." नवरा प्रोजेक्टसाठी अमेरिकेत, सासूबाई महाराजांच्या पायाशी. माझं ऐकणार कोण?

मंडपाच्या मधोमध गाय आखूड दाव्याने बांधली होती. वासराचे पुढचे पाय आणि नाकपुड्या बाहेर आल्या होत्या. भोवती माणसांचं रिंगण फिरत होतं, टाळ वाजत होते, कॅमेऱ्यांचे फ्लॅश पडत होते. माइकवर महाराज रंगात आले होते.

"अमेरिकेच्या घड्याळावर जगणाऱ्या बाळांनो! तुमचा सर्व्हर पडतो, भूमातेचा पडत नाही! तुमची शेवटची फेरी होईपर्यंत ती लॉगआउट होणार नाही!"

टाळ्या पडल्या. मी वासराची जीभ पाहत होतो. ती सुजून बाहेर लोंबत होती आणि निळी पडायला लागली होती.

"बाजूला व्हा सगळे!" मी ओरडलो. "वासरू गुदमरतंय!"

माझ्या ओरडण्याने गाय आणखीच बिचकली आणि बसता बसता पुन्हा उभी राहिली. दोन स्वयंसेवकांनी मला दंडाला धरून बाजूला आणलं. "अहो डॉक्टर," अस्मिताच्या सासूबाई म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या देवात नाक खुपसायला आपण फी घेत नाही वाटतं?"

मला रेटलं होतं तिथेच दुसरी एक गाभण गाय बांधलेली होती. मी तिच्या शेपटीच्या बुडाशी हात लावला आणि भोवतालच्या चारजणांना हाक मारली. "हे बघा. इथले स्नायू सैल पडून दोन्ही बाजूंना खड्डे झालेत. कास भरून सड ताठ झालेत, खालून चिकट स्रावाची तार लोंबतेय. ही उद्यापर्यंत विणार. महाराज रोज शेपटीला हळद लावतात ना? ते हेच चाचपतात. कुणीही शिकू शकतं."

एक चष्मेवाले गृहस्थ भारावून माझ्या पाया पडायला वाकले. "म्हणजे आपल्यालाही कळतं! दीक्षा कुणाकडून घेतलीत?"

मी कपाळावर हात मारला. आणखी काय करणार होतो? पण अस्मिता जवळ आली होती. "दादा, वेळ कळते हे समजलं. पण ती थांबते कशी?"

"घाबरून. धोका दिसला की जनावराच्या कळा मंदावतात. तिला एकांत हवाय, आणि ही माणसं तिच्याभोवती फिरतायत."

"पण फेऱ्या संपल्या की लगेच वासरू येतं. मी स्वतः पाहिलंय."

"कारण फेऱ्या संपल्या की माणसं प्रसादाला जातात."



तसंच झालं. शेवटची फेरी झाली, शिऱ्याचा वास सुटला, मंडप रिकामा झाला. गाय लगेच आडवी झाली. मी धावलो, पाय धरून कळेबरोबर ओढलं, आणि वासरू बाहेर आलं. मी त्याचं नाक साफ केलं, नाकात काडी फिरवली, छाती चोळली. पुन्हा पुन्हा चोळली. ते मेलेलंच होतं. गाय मात्र वळून त्याला चाटत राहिली आणि ते मला बघवेना.

महाराज आले, क्षणभर थबकले, मग माइकशिवायच म्हणाले, "भाग्यवान जीव. जन्माआधीच मोक्ष." हातात द्रोण धरलेल्या लोकांनी नमस्कार केला.

अस्मिताने माझी बाही घट्ट धरली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "दादा, माझं बाळ सकाळपासून हललं नाहीये."

आम्ही गाडीकडे पळालो. पुढे तीन मोटारी आडव्या लावलेल्या, आणि मालक शिऱ्याच्या रांगेत. मी हॉर्न दाबत होतो. एकजण रांगेतूनच ओरडला, "अहो, जरा सबुरी! देवाच्या दारी आहात!" अस्मिता पोटावर दोन्ही हात ठेवून बसली होती आणि मी, गाभण जनावरांत उभं आयुष्य काढलेला माणूस, त्या स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो.

अस्मिताची मुलगी जगली. अगदी थोडक्यात जगली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती काचेच्या पेटीत होती आणि सासूबाई पेढे वाटत होत्या. "प्रदक्षिणा फळाला आली हो!" पहिला पुडा त्यांनी महाराजांकडे धाडला होता. मी त्यांना सगळं पुन्हा समजावून सांगितलं. त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

तेवढ्यात अस्मिताचा मोबाइल वाजला. तिने वाचलं आणि फोन माझ्याकडे दिला. "भूमाता बोलावते आहे. त्वरित निघा."

काल मी जिच्या शेपटीला हात लावला, तीच ही गाय. मी गोशाळेत फोन केला, पोलीस चौकीत केला. चौकीतला हवालदार म्हणाला, त्याची बायको तिकडेच गेली आहे.

म्हणून आता तुम्हालाच सांगतो. वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी तो निरोप उद्या येईल. गाय विणार हे ओळखायला दैवी शक्ती लागत नाही, हात लागतो. आणि ती तुमची वाट पाहत नाही, ती तुमच्या जाण्याची वाट पाहते. पुण्य हवंच असेल तर त्या दिवशी घरी बसा. तिला विऊ द्या.