मोठ्या बाई उठेपर्यंत

धाकट्याने आईला सिनेमात घातलं, आणि घालण्याआधी तिला एका शब्दाने विचारलं नाही. एवढ्यावर थांबला असता तर आईने, म्हणजे मोठ्या बाईंनी, ते पोटात घातलं असतं. पण त्याने तिला रडवली. पडदाभर रडवली. नवरा गेला त्या दिवशी ज्या बाईने, गिऱ्हाइकाच्या कोटाची दुसरी बाही लावू आणि मग रडायला बसू असं ठरवलं, आणि बाही लागेपर्यंत जिचं रडायचं राहूनच गेलं, ती बाई पडद्यावर पहिल्या दहा मिनिटांत चार वेळा रडली. एकदा भिंतीला टेकून, एकदा खिडकीत, एकदा पोराला पोटाशी धरून, आणि चौथ्यांदा शिलाई मशीनवर डोकं ठेवून.

"मशीनवर कोणी डोकं ठेवतं का गं?" मोठ्या बाई थोरल्या लेकीच्या कानाशी लागल्या. "कपाळाला तेल नाही लागणार?"

"शूः, आई. सिनेमा आहे तो."

"सिनेमातलं तेल लागत नाही वाटतं."

थोरली हसली नाही. ती पुढे वाकून बसली होती, दोन्ही हात मांडीवर, डोळे पडद्याला चिकटलेले.

सकाळी अकराचा खेळ होता, पहिलावहिला. धाकट्याने मधल्या दोन रांगा शिवणघरासाठी राखून ठेवल्या होत्या. शिवणघर म्हणजे एक लांबट खोली, चौदा मशीन, कापायचं एक टेबल, आणि या सगळ्यावर चालणारी मोठ्या बाईंची जीभ. तिथे तीस वर्षं एक नियम होता. मोठ्या बाई आपल्या मशीनवरून उठल्याशिवाय कोणी उठायचं नाही. एक उठली की दुसरी उठते, दोघी उठल्या की बोलायला लागतात, आणि बोलायला लागल्या की टीप वाकडी जाते, असं त्यांचं म्हणणं. नियम बायकांच्या हाडात इतका मुरला होता की जेवायची वेळ टळून गेली तरी चौदा जणी पाय चालवत राहायच्या, आणि मोठ्या बाईंनी गुडघ्यावर हात ठेवला रे ठेवला की चौदा मशीन एका दमात गप्प.

त्या सगळ्या आज इथे होत्या. ठेवणीतले कपडे, नव्या चपला, मांडीवर पिशव्या.

पडद्यावरच्या बाईने आता मशीन चालवायला घेतलं. पायाने पट्टी दाबली आणि हाताने चाक फिरवलं, ते उलटं. आपल्याकडे यायचं चाक पलीकडे ढकललं. तरी टीप पडत राहिली, आणि वर वाजंत्री.

"तुटला," मोठ्या बाई म्हणाल्या.

"काय?"

"दोरा. उलट्या चाकाने दोरा तुटतो. चार दिवसांची शिकाऊ पोरगी असती तरी मी तिला खुर्चीवरून उठवली असती. याने पडद्यावर बसवून ठेवलीय." मागच्या रांगेत इस्त्रीवालीने खुदकन हसू दाबलं. मोठ्या बाईंना तेवढ्याने जोर आला. "मी जाते बाई. दोन तास हे चाक बघायचं म्हणजे माझं डोकं फिरेल."

थोरलीने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "आई, अजून मी आलेली नाही."

मोठ्या बाईंनी पाठ परत खुर्चीला टेकवली.

खरी गोष्ट ती होती. सिनेमा निघाल्यापासून थोरलीने धाकट्याला तीनदा विचारलं होतं, माझं काम कोण करतंय रे? आणि तिन्ही वेळा तो हसून म्हणाला होता, "ताई, बघच तू." थोरलीने त्यावर एक निळा झगा शिवला. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कपड्यांना काजं करणाऱ्या बाईने स्वतःसाठी शिवलेला झगा, तोही बिनबटणांचा. "एक दिवस तरी काज नको डोळ्यांपुढे," म्हणाली. बाप गेला तेव्हा ती सातवीत होती. तिचं दप्तर खुंटीवरून निघालं ते धाकट्याच्या खांद्यावर गेलं. लग्नाचं वय आलं तेव्हा धाकट्याचं कॉलेज आलं. कोणी तिला थांब म्हणालं नव्हतं. जा असंही कोणी म्हणालं नव्हतं.

पडद्यावर एखादी पोरगी आली की थोरली ताठ व्हायची. एक पोरगी नळावर पाणी भरून गेली. ती शेजारची निघाली. एक दारातून डोकावली. ती गिऱ्हाइकाची. प्रत्येक वेळी थोरली पाठ सरळ करी आणि मग हळूच खुर्चीला टेके.

तेवढ्यात मोठ्या बाईंची शाल खुर्चीच्या फटीत अडकली. ती सोडवायला त्या जरा उठल्या. झालं. दोन्ही रांगा धडाधड उभ्या राहिल्या, पिशव्या काखेत, चपला पायात.

"बसा की खाली!" मागून कोणी ओरडलं. "आत्ताशी तर सुरू झालाय!"

"मोठ्या बाई उठल्या," चष्मेवाली मागे वळून म्हणाली, जणू यापुढे विचारण्यासारखं काही उरलंच नाही.

"शाल काढतेय मी शाल! बसा मेल्यांनो!"

सगळ्या बसल्या. चार रांगा पुढे पाहुण्यांमध्ये बसलेल्या धाकट्याने मान वळवून पाहिलं. तो हसला. अंधारात त्याचे दात तेवढे दिसले, बापासारखे.

मध्यंतरात तो आला नाही. पाहुणे त्याचे हात दाबत होते. मोठ्या बाई जागच्या हलल्या नाहीत. हलल्या असत्या तर नळापाशी चौदा जणींची रांग लागली असती. थोरलीने कागदी पेल्यातून चहा आणून दिला.

"पाणचट," मोठ्या बाई म्हणाल्या. चहाला म्हणाल्या की सिनेमाला, कोण जाणे. मग आवाज खाली आणून, "चल, जाऊ या. सांगू, माझे गुडघे धरले म्हणून."

"मी दुसऱ्या भागात असेन, आई. पहिल्या भागात तो चार वर्षांचाच होता ना. त्याला काय आठवणार."

"आणि नसलीस तर?"

"असं कसं होईल?" थोरली म्हणाली. हे तिने इतक्या सरळपणे विचारलं की मोठ्या बाईंना चहाचा पेला उगाच फिरवत बसावं लागलं.

कारण त्यांना एक गोष्ट आठवत होती. मागच्या वर्षी धाकटा तीन दुपारी शिवणघरात येऊन बसला होता. कापायच्या टेबलावर त्याने फोन ठेवला आणि म्हणाला, आई, तू नुसती बोल. आणि त्या बोलल्या. असं कान देऊन ऐकणारं माणूस त्यांना कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. मी दुकान राखलं, मी गणवेशांचं काम धरून आणलं, मी पोराला शिकवला. तिन्ही दुपारी थोरली तिथेच, चार हातांवर, काजं करत बसली होती. मधूनच उठून दोघांना चहा देत होती.

दिवे गेले. दुसरा भाग सुरू झाला तो गणवेशांपासूनच.

दोनशे सदरे, चार दिवस, एका सदऱ्याला सात काजं. पडद्यावर ढिगांमध्ये ती बाई एकटी बसलेली, अंगात ताप, हातात सुई. समोर छोटा पोरगा पुस्तक उघडून. आणि मग पडदाभर एक बोट आलं. डाव्या हाताचं, नखाशी सुजून टम्म झालेलं, चिंधी बांधलेलं. नखुरडं. बाई कळवळली तशी पोरगा पुस्तक टाकून धावला, दोन्ही हातांत ते बोट धरलं आणि फूऽ फूऽ करून फुंकर घालायला लागला. थिएटरात नाकं ओढल्याचे आवाज आले. मागे इस्त्रीवालीही मुसमुसली. ती त्यानंतर दहा वर्षांनी कामाला लागलेली, तिला काय ठाऊक.

थोरलीने मांडीवरचा डावा हात उचलला आणि झग्याच्या घोळाखाली नेला.

त्या बोटाचं नख अजून वाकडं उगवतं. टोकाशी चिरलेलं, सुपारीच्या फोडीसारखं. तिसऱ्या दिवशी बोट ठणकायला लागलं तेव्हा पोरगी म्हणाली होती, आई, आता नाही होत. आणि मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "चिंधी बांध, चौऱ्याण्णव सदरे राहिलेत." तेव्हा ती तेरा वर्षांची होती. फुंकर धाकट्याने घातली होती, हे खरं. पडद्यावर घालतो तशीच, दोन्ही हातांत धरून. बोट तेवढं दुसऱ्या बाईला दिलं होतं.

मोठ्या बाई उठल्या. या वेळी शाल वगैरे काही नव्हतं. उठल्या आणि उभ्याच राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर शिवणघर उठलं, दोन रांगा, भिंतीसारखं. मागून शिट्ट्या, आरडाओरडा. पुढे पाहुण्यांच्या माना वळल्या. धाकटा खुर्चीतून अर्धा उठून दोन्ही हातांनी बसा, बसा, अशा खुणा करत होता.

"चल," मोठ्या बाई थोरलीला म्हणाल्या.

थोरली बसलेलीच होती. अख्ख्या दोन रांगांत ती एकटी बसलेली.

"तू जा, आई."

तीस वर्षांत मोठ्या बाई उठल्यावर कोणी बसून राहिलं नव्हतं. आपण बरोबर ऐकलं की नाही, हेच त्यांना कळेना.

"काय बघायचं राहिलंय आता?"

"शेवटी नावं येतात," थोरली पडद्याकडे बघत म्हणाली. "कुठेतरी घातलं असेल त्याने. नावं बघून येते मी."

मोठ्या बाई तशाच उभ्या. बाहेर जाणारी वाट डाव्या हाताला होती, हिरवा दिवा लावलेली. तिथवर पोचल्या असत्या तर सिनेमाचं नाक कापलं गेलं असतं, धाकट्याची पाहुण्यांदेखत शोभा झाली असती, आणि ती व्हावी असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. पण मग या पोरीने आपलं नाव रिकाम्या रांगांत एकटीने शोधलं असतं.

त्या खाली बसल्या. मागोमाग चौदा जणी बसल्या.

"नक्की काय ते ठरवा हो बाई!" मागचा माणूस ओरडला.

"ठरवलंय. तू तुझं तोंड पुढे ठेव," मोठ्या बाईंनी मागे न बघता सांगितलं.

उरलेला सिनेमा त्यांनी पाहिला नाही. पडद्याचा उजेड थोरलीच्या गालावर येतजात होता, तेवढाच बघत बसल्या. मग नावं आली. खालून वर, भराभर. थोरलीचे ओठ हलत होते. सातवीपर्यंतचं वाचन, वेगाला पुरत नव्हतं, तरी ती एक नाव सोडत नव्हती. दिवे लावणारा, केस विंचरणारी, चहा देणारा, गाडी चालवणारा. सगळ्यांत शेवटी काळ्या पडद्यावर एकच ओळ थांबली: माझ्या आईला, जिने हे सगळं एकटीने केलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीनेही वाजवल्या. झग्याखालचा हात काढून नीट वाजवल्या.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. धाकटा फुलांचा गुच्छ घेऊन लोकांमध्ये उभा होता. आई दिसताच पुढे झाला, पण चेहरा पडलेला.

"आई, दोनदा उठलीस तू. सगळे बघत होते. आवडला नाही तर घरी सांगायचं. माझ्या पहिल्या दिवशी असं करायचं?"

"तुझी ताई कुठेय?"

"ही काय, तुझ्यामागे."

"सिनेमात कुठेय?"

त्याने ओठांवरून जीभ फिरवली. लोकांपासून दोन पायऱ्या बाजूला आला. "हे बघ आई, तू जे सांगितलंस तेच मी घेतलं. तीन दुपारचं सगळं आहे या फोनमध्ये. ऐकवू? एकदाही तू ताईचं नाव घेतलं नाहीस. एकदाही नाही. मी केलं, मी केलं, एवढंच."

थोरली ऐकत होती. तिने मान वर केली आणि आईकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मोठ्या बाईंनी तो निभावला असता. राग नव्हता. ही गोष्ट तिला आधीपासून माहीत होती; ती तिथेच तर बसली होती, चार हातांवर.

चौदा जणी पायऱ्यांवर उभ्या होत्या, मोठ्या बाई हलल्या नव्हत्या म्हणून. मोठ्या बाईंनी शाल खांद्यावर घट्ट ओढली.

"नाही घेतलं मी तिचं नाव," त्या म्हणाल्या. आवाज इतका चढा की गुच्छवाले पाहुणेही वळले. "तिच्यादेखत खोटं बोलले आणि तिच्याच हातचा चहा प्यायले. ते माझं मी बघीन, तिच्या पायाशी बसून बघीन. पण त्या बोटाचं मी तुला सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती म्हणून तिन्ही दुपारी गिळून बसले होते. ते तुला कोणी सांगितलं? कोणी नाही. तू फुंकर घातली होतीस, तुला आठवत होतं. बोट कोणाचं ते पक्कं ठाऊक असून तू ते माझ्या हाताला लावलंस, कारण आई म्हटलं की माणसं रडतात, आणि बहिणीला कोण रडतंय. मी म्हातारी फुशारकी मारायला गेले आणि खोटारडी ठरले. तू चोर आहेस. आणि चाकसुद्धा उलटं फिरवलंयस."