‘क’ नावाचा पोरगा

अपेक्षाचे युनिव्हर्सिटीत दोन विषय होते, गुन्हेगारीशास्त्र आन् धर्मशास्त्र. कोराडीच्या कॉलनीत लोक हसत. "एका वर्गात चोर पकडते, दुसऱ्यात त्याच्यासाठी जप करते," असं तिचा बाप मारोतराव म्हणे, पण फुशारकीनं म्हणे. तिचा लहाना भाऊ विक्की हसत नसे. दहावीत शाळा सोडली तवापासून घरात त्याचं ऐकून घेणारी ती एकटीच.

म्हणून तं त्यानं तिले सांगतलं होतं. कॉलनीतल्या मारोतीच्या देवळातली पितळेची घंटा त्यानंच काढली आन् भंगारात विकली. आळ आला शालिकराम पुजाऱ्यावर. बाबाचा जिगरी दोस्त तो. तोंड लपवून गावाकडे निघून गेला. हे सांगायच्या आधी विक्कीनं ताईले देवाच्या दिव्यावर हात धरायले लावला होता. "पोटात ठेवीन," म्हणाली होती ती.

आज युनिव्हर्सिटीच्या हॉलात, सगळ्यायसमोर तिले प्रबंध वाचायचा होता. मारोतराव पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. विक्की सगळ्यात मागं, हातात फुकटचा समोसा. अपेक्षा पुस्तकी मराठीत वाचू लागली.

"‘क’ हा अठरा वर्षांचा मुलगा. शाळा सोडलेला, शीघ्रकोपी. त्याने मंदिरातील घंटा चोरली. तो एकांतात रडतो. त्याला पोलिसांपेक्षा देवाची भीती अधिक वाटते."

समोसा हातातच राहिला. रडणं बी सांगून टाकलं हिनं.

प्रश्न विचारा, असं तिचे सर म्हणाले. विक्की उठला. "त्या पोराले विचारलं होतं काय?"

अपेक्षा खाली पाहू लागली. सरच बोलले, "त्याच्या सहीचं संमतिपत्र आहे, बंद पाकिटात."

सही. दिवाळीच्या आधी तिनं एक कागद पुढं सरकवला होता. "कॉलेजचा फॉर्म आहे गा, घरच्या माणसाची सही लागते." ताईचा कागद कोण वाचत बसते? त्यानं जेवता जेवता डाव्या हातानं ठोकली होती.

बाहेर वऱ्हांड्यात त्यानं तिले गाठलं.

"नाव कुठं घेतलं मी तुहं?"

"शपथ का नावापुरती होती?"

"तुह्यासारख्या पोरांसाठीच लिहून राहिली मी, विक्की. लोकायले समजलं पाहिजे."

"रोज माह्यापाशी बसत होती ते समजून घ्यायले, का उतरवून घ्यायले?"

ती काही बोलायच्या आत मारोतराव आले. चेहऱ्यावरची फुशारकी उतरली होती. "अपेक्षा, ते घंटी आपल्याच देवळातली ना वं? कोण आहे तो ‘क’? शालिकराम फुकट बदनाम झाला."

अपेक्षानं भावाकडं पाहिलं आन् तोंड उघडलं.

"तू गप बस," विक्की म्हणाला. "माही गोष्ट तू एकडाव सांगतली, पुरे झालं." मग बापाकडं वळला. "मी व्हय, बाबा."

आता थोबाडात बसते म्हणून त्यानं दात आवळून धरले. पण मारोतराव त्याच्याकडं पाहतच नव्हते. पोरीच्या हातातल्या फायलीवर बोट ठेवून ते हळूच विचारून राहिले होते, "तुले कधीपासून माहीत आहे?"