पुनमभोवतीचे पांढरे गोळे

हिलाल आबांच्या माजघरात पाय ठेवायला जागा नव्हती. धरणगावजवळचं ते अख्खं गाव मोबाइलमधल्या एका फोटोला हात जोडत होतं. फोटोत आबांची सून पुनम डोहाळजेवणाला कापसाच्या ढिगापुढे बसली होती आणि तिच्याभोवती पांढरे गोळे तरंगत होते.

"हाई पोरीले मरेल जीव लागेल शेतस," शालिग्राम महाराजांनी निदान केलं; म्हणजे मेलेल्यांचे जीव पोरीला लागले होते. बाळ वाचवायचं तर हिला कोंडा, उपाशी ठेवा, मिरचीची धुरी द्या. या गृहस्थांना साधा ताप ओळखता येत नसे, भुतं मात्र लांबूनच दिसत.

फोटो काढणारी सारिका अल्बम घेऊन आली, तेव्हा आतल्या खोलीतून पुनमचं खोकणं ऐकू येत होतं. सातवा महिना लागलेली ती पोर कालपासून नुसत्या पाण्यावर होती. आणि ते गोळे तर सारिकाच्याच स्वस्तातल्या फ्लॅशने पाडले होते.

वाद घालून कोणी ऐकलं नसतं. तिने महाराजांना विनवलं, एक फोटो तुमचाही काढू द्या. महाराज दाढी सारखी करून त्याच ढिगापुढे बसले. सारिकाने कापूस जरा खालीवर केला आणि बटण दाबलं. महाराजांच्या तोंडाभोवती पुनमहून जास्त गोळे उमटले.

"महाराज, तुमले तं जास्त लागेल शेतस," असं म्हणत पुनमची सासू कुंदाबाई भक्तिभावाने धुरीचं घमेलं घेऊन आली. मघाशी पाया पडणाऱ्यांनीच महाराजांचे खांदे दाबून धरले. पहिल्याच भपक्याला त्यांचं ज्ञान नाकाडोळ्यांतून वाहू लागलं.

"सोडा माले! कापूसनी धूय शे ती!"

ती नुसती धूळ आहे हे महाराजांना आता पटलं होतं, पण सोडायची घाई कोणालाच नव्हती, सारिकालाही नाही. तिने आधी आतली कडी काढून पुनमला बाहेर आणलं. मग सगळ्यांना समजावलं. फ्लॅश भिंगाला चिकटून असला की भिंगाजवळ उडणारी धूळ उजळते आणि धूसर होऊन गोळ्यांसारखी दिसते. तिने फ्लॅश वायरने लांब धरला, टीव्हीच्या खोक्यातल्या फुकटच्या थर्माकोलकडे त्याचं तोंड केलं, म्हणजे उजेड त्यावरून उलटून येईल, आणि तिथेच पुन्हा फोटो काढला. एकही गोळा आला नाही.

कुंदाबाईने दुधाचा पेला पुढे केला. पुनमने तो घेतला नाही.

"माले कोणी इचारं नई," ती एवढंच म्हणाली.

फोटोत काही भलतंच दिसलं, तर फ्लॅश जरा बाजूला धरून आणखी एक काढून बघा. सुनेला कोंडायला याहून जास्त वेळ लागतो.