राखण्याचा वाटा

मित्रांनो, द्वेषाने केलेला घात लवकर ओळखू येतो. मायेने झालेला घात मात्र घरात वावरत असूनही दिसत नाही. अशा एका घाताची मी साक्षी आहे.

मी एक जुनी दगडी गव्हाण आहे. गाईंच्या जिभेला बोचू नये म्हणून पाथरवटाने माझा आतला भाग घासून, तळव्याने पुनःपुन्हा पारखला होता. "अशी गुळगुळीत गव्हाण शोधून सापडायची नाही," असे पाहुणे म्हणत, तेव्हा दगड असूनही मी सुखावत असे.

गोठ्याचा कुत्रा राखण्या थंडीत माझ्यातल्याच वाळल्या चाऱ्यावर निजे. त्याला कोणी हाकलत नसे. गाय व्याली की मालकाची आई वासरामागून पडलेली वार त्याच्यापुढे टाकी आणि म्हणे, "घे बाबा, तूही जागलास ना? हा तुझा वाटा."

पुढे गाई गाभडू लागल्या. ना ताप, ना जखम. चारा खात, दूध देत आणि दिवस भरण्याआधीच गर्भ टाकीत. मालकाने चारा बदलला, पाणी बदलले. माझ्या तळाशी मात्र कोणी वाकून पाहिले नाही. तेथे राखण्याची विष्ठा चाऱ्यात मिसळत होती आणि सावळी, गोठ्यातली उरलेली एकच गाभण गाय, त्यातच तोंड घालून निवांत खात होती.

अखेर पशुवैद्यांनी गाईंचे रक्त तपासले.

"परजीवी आहे. सावळीच्याही रक्तात. वारेतून कुत्र्याच्या पोटात जातो, विष्ठेतून चाऱ्यात येतो. गाईत एकदा शिरला की निघत नाही, पोटातल्या वासरातही उतरतो, औषधही नाही."

"पलीकडे मांसासाठी गुरं पाळतात, त्यांच्यात?" मालकाने विचारले.

"तिथंही सापडला. या भागात दुधाच्या गोठ्यांत जरा जास्त, एवढंच."

आई फणकारली, "मुक्या जनावरावर आळ घेऊ नका, डॉक्टर! राखण्या काय विष कालवतो होय?"

"त्याला काय कळतंय, आजी? वार आपण टाकतो."

आई उठून गेली. तिला ते पटले नव्हते.

सावळीने मात्र दिवस भरले. वासरू थरथरत उभे राहिले. आईने हर्षाने वार उचलली. राखण्या शेपूट हलवीत पुढे आला.

"आई, थांब!" मालक ओरडला.

"अरे, वासरू धडधाकट आहे की!"

"धडधाकट तर सावळीही दिसते."

आईचा हात तसाच राहिला. तिने एकवार सावळीकडे पाहिले. मग ती स्वतःच मालकाने खणून ठेवलेल्या खोल खड्ड्यापाशी गेली, वार पुरली आणि वर धोंडा ठेवला. राखण्या तेथेच आशेने बसून होता. तिने त्याला आपल्या ताटातले अन्न आणून वाढले.

आता गाईंचे खाणे आटोपले की माझ्यावर जाळीचे झाकण पडते. वासराच्या रक्ताची तपासणी अजून व्हायची आहे. ते माझ्याशेजारी सावळीला लुचते आहे आणि मला त्याच्याकडे निर्भयपणे पाहवत नाही. मित्रांनो, ज्यांच्यावर तुमची माया आहे, त्यांच्या पुढ्यात काय पडते ते वाकून पाहत जा.

त्या वासराचे रक्त निर्मळ निघो. राखण्याला उबेची दुसरी जागा मिळो. आणि वेळेवर थांबलेल्या त्या वृद्ध हाताचे कल्याण असो.