डब्यातले खडे

मित्रांनो, माझ्या अंगावर एके काळी भुईमुगाच्या शेंगांचं लाल-पिवळं चित्र होतं. आता ते घासून घासून गेलं आहे. मूळचा मी तेलाचा डबा. पंधरा किलो शेंगतेल पोटात घेऊन संकेश्वरच्या बाजारातून निपाणीच्या एका किराणा दुकानात आलो. तेल संपलं की डब्याचं आयुष्य बहुधा संपतंच. कुणाला कापून, सपाट करून छपरावर ठोकतात, कुणात माती भरून तुळस लावतात. माझं नशीब जरा वेगळं होतं. शामू पत्रेवाल्याने माझं तोंड कापलं, कडा आत वळवून ठोकल्या, वर बिजागरीचं झाकण बसवलं आणि पुढे एक कडी लावली. झाकण बसलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. झाकण म्हणजे तोंड बंद करणंही असतं, हे कळायला मला तीस वर्षं लागली.

मला यशोदाबाईंनी विकत घेतलं. त्या विड्या वळायच्या आणि त्यांचे यजमान परशराम आप्पा तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे. घर म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. आमची एक भिंत शेजारच्या तारामतीवैनींच्या स्वयंपाकघराची. त्या भिंतीला टेकवून, एका पाटावर मला बसवलं गेलं. तळाला वर्तमानपत्राचा कागद घातला आणि वरून जोंधळे ओतले. त्या पहिल्या जोंधळ्यांचा गारवा मला अजून आठवतो.

यशोदाबाईंजवळ पितळेचं एक माप होतं. त्याला त्या चिपटं म्हणायच्या. सकाळी कडी काढायची, चिपटं माझ्या पोटात खुपसायचं आणि काठावर ठोकून सारखं करायचं, हा त्यांचा शिरस्ता. लेक मंगल लहान होती तेव्हा चिपटं तीन वेळा आत यायचं. तिला लोंढ्याला दिल्यावर दोनदा येऊ लागलं. पाहुणे आले की यशोदाबाई माझ्यावर थाप मारून म्हणायच्या, "ह्यो हाय तवर आमाला काळजी न्हाय." डब्याला याहून मोठी शाबासकी कोणती?

पुढे आप्पांची नजर गेली. छातीही खंगली. वखारीचं काम सुटलं आणि ते पडवीतल्या बाजेवर आले. घर यशोदाबाईंच्या विड्यांवर आणि रेशनच्या तांदळावर चालू लागलं. तसं ते बरं चाललं होतं. दर महिन्याला त्या पिशवी घेऊन जायच्या, दुकानातल्या यंत्रावर अंगठा ठेवायच्या आणि धान्य आणून माझ्यात ओतायच्या.

मग एका महिन्यात त्या रिकामी पिशवी घेऊन परत आल्या.

मित्रांनो, विडी वळणाऱ्या बाईचे हात कधी बघितले आहेत का? चाळीस वर्षं पान वळून, तंबाखू दाबून, टोकं दुमडून बोटांच्या पेरांवरच्या रेघा पुसून जातात. कातडी काचेसारखी गुळगुळीत होते. त्या यंत्राला रेघा लागतात. यशोदाबाईंनी अंगठा ठेवला, बोटं बदलली, पदराला पुसून परत ठेवली. यंत्राने प्रत्येक वेळी नाही म्हटलं. दुकानदार महादेव वाईट माणूस नव्हता. यंत्र हो म्हटल्याशिवाय त्यालाही धान्य देता येत नव्हतं. तो म्हणाला, कार्डावर दुसरं कुणाचं नाव असेल तर त्यांना घेऊन या.

कार्डावर दुसरं नाव आप्पांचंच होतं. पण त्यांना न्यायचं तर सगळं सांगावं लागणार, आणि तेच यशोदाबाईंना नको होतं. कारण मागे एकदा, विड्यांचं काम बंद पडलं होतं तेव्हा, घरात धान्य कमी आहे हे आप्पांच्या कानावर गेलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी ताट मागे सारायला सुरुवात केली होती. बसून खाणाऱ्याला कशाला हवं, असं म्हणत ते तीन आठवडे अर्ध्या भाकरीवर राहिले आणि मरता मरता वाचले. तेव्हा आता त्यांना कळू द्यायचं नाही, असं यशोदाबाईंनी ठरवलं.

तीन महिने अंगठा लागला नाही. पोटातले दाणे खाली खाली गेले आणि एके दिवशी तळाचा कागद उघडा पडला. त्या कागदावर एक फोटो होता. दूरच्या कुठल्याशा देशातल्या बाया हातात भांडी घेऊन रांगेत उभ्या होत्या. खालच्या बातमीत जगातल्या उपाशी माणसांचा काहीतरी मोठा आकडा होता. इतकी वर्षं ती बातमी धान्याखाली झाकलेली होती. आता मी दिवसभर तिच्याकडेच बघत होतो. आणि रोज सकाळी झाकण उघडलं की वर यशोदाबाईंचा चेहरा दिसायचा. मला दोन्हींत फारसा फरक दिसेना.

विड्यांच्या मजुरीतून आधी आप्पांचं औषध यायचं. उरेल त्यात कागदाच्या पुडीत थोडे तांदूळ. एका माणसाचे, ते आप्पांचे. यशोदाबाई भाताची पेज निथळून पितळीत घ्यायच्या आणि मीठ टाकून प्यायच्या. पण आप्पांचे कान तिखट होते. नजर गेल्यापासून ते घर कानांनीच बघत. चिपट्याचा आवाज आला नाही तेव्हा त्यांनी विचारलं, आज डबा का उघडला नाहीस?

त्या दिवशी यशोदाबाई रस्त्याचं काम चाललं होतं तिथून ओटीत बारीक खडी घेऊन आल्या. ती धुतली, पुसली आणि माझ्यात ओतली.

मित्रांनो, मी पत्र्याचा आहे, पण तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. रोज सकाळी कडी निघायची, चिपटं खड्यांत खुपसलं जायचं, काठावर ठोकलं जायचं. एकदा आप्पांचं, एकदा स्वतःचं. मग तेच खडे अलगद पुन्हा आत. आप्पा बाजेवरून हुंकार द्यायचे. भिंतीपलीकडे तारामतीवैनींनाही वाटायचं, यशोदाक्काचा सैपाक सुरू झाला. मी ओरडून सांगू शकत नव्हतो. माझा आवाजच त्या खोट्याच्या कामाला लागला होता. झाकण बंद, कडी लावलेली, आत खडे, आणि घरातल्या एका बाईची भूक माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. असा कोंडमारा मी कधी सोसला नव्हता.

तारामतीवैनी जैन. दिवस मावळायच्या आत त्यांच्याकडे जेवणं होत. काही चांगलं केलं की वाटी यायची. आमच्याकडची वाटीही कधी रिकामी परत गेली नव्हती. चार शेवग्याच्या शेंगा, थोडी चटणी, काहीतरी घालूनच जायची. आता घालायला काही नव्हतं, म्हणून यशोदाबाईंनी वाटी घेणंच बंद केलं. सैपाक झालाय, उगाच वाया जाईल, असं त्या दारातूनच सांगायच्या. वैनींना वाटलं, आपलं काही चुकलं. त्यांनी येणं कमी केलं. एकेक दार असं आतूनच बंद होत गेलं.

एका सकाळी खडे वाजले आणि आप्पा सावकाश म्हणाले, "तांदूळ हल्ली लई खणखणीत आलाय गं."

यशोदाबाईंचा हात माझ्या पोटात तसाच थांबला. मग त्या म्हणाल्या, "नवा हाय. वाळलाय चांगला."



दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास यशोदाबाई विड्यांचं गाठोडं घेऊन कारखान्यात गेल्या. त्या गेल्यावर बाज करकरली. आप्पा भिंत चाचपत, धापा टाकत माझ्यापर्यंत आले. कडी काढायला त्यांना फार वेळ लागला. त्यांनी आत हात घातला, मूठ भरली, बोटांनी चोळली. मग माझ्या काठाला कपाळ टेकून ते बराच वेळ बसून राहिले. रडले की नाही, मला सांगता येणार नाही. पण माझी कड ओली झाली होती.

मग त्यांनी भिंतीवर थापा मारल्या. तारामतीवैनी धावतच आल्या. आप्पा त्यांना म्हणाले, "वैनी, हात घाला डब्यात."

वैनींनी हात घातला आणि तोंडाला पदर लावला.

"रोज ह्योच आवाज ऐकत हुते मी भिंतीतनं," त्या एवढंच म्हणाल्या.

त्यांनी लगेच घरातनं पीठ आणते म्हटलं, पण आप्पांनी हाताने थांबवलं. यशोदीनं घेतलं नसतं, तेव्हा मीही घेणार नाही, म्हणाले. त्यांना एकच हवं होतं, भूपालने आपल्याला रेशनच्या दुकानापर्यंत सोडावं. अंगठा लागत नसणार हे त्यांनी ओळखलं होतं. पेठेत विडीवाल्या बायकांची तीच रड होती, आणि बाजेवर पडून सगळ्यांचं बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं. फक्त ती रड आपल्या घरात आली आहे, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

भूपाल हा वैनींचा मुलगा. त्याने स्कूटर काढली, कार्ड शोधलं. पिशवी सापडेना, तेव्हा आप्पांनी खडे पडवीबाहेर ओतले आणि मलाच मांडीवर घेतलं. तीस वर्षांत मी पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडलो. रस्ताभर आप्पा खोकत होते आणि दोन्ही हातांनी मला घट्ट धरून होते.

दुकानात रांग होती. महादेवने त्यांना आधी पुढे घेतलं. पहिल्या वेळी यंत्राने नाही म्हटलं. दुसऱ्या वेळीही नाही. महादेवने त्यांचा अंगठा ओल्या फडक्याने पुसला, कोरडा केला आणि स्वतःच्या हाताने धरून दाबला. या अंगठ्याने सात-आठ वर्षं काही काम केलं नव्हतं. वखारीत झिजलेल्या रेघा बाजेवर पडून परत उगवल्या होत्या. यंत्रातून चिठ्ठी बाहेर आली.

तांदूळ माझ्यात पडले, त्यावर पुडीत बांधलेले थोडे जोंधळे. मी आनंदाने वाजलो असेन, पण त्याच वेळी मला दुसरंही दिसलं. आमच्या मागच्या दोन बायकांचे अंगठे लागले नाहीत. त्यांनी रिकाम्या पिशव्यांची घडी केली, काखेत धरली आणि त्या निघून गेल्या. त्यांची बोटंही तशीच गुळगुळीत होती. त्यांच्या कार्डावर आप्पा नसतील तर?

आम्ही परतलो तेव्हा यशोदाबाई दारात उभ्या होत्या. बाज रिकामी, डबा जागेवर नाही, बाहेर खड्यांचा ढीग. त्यांना सगळं कळलं होतं. आप्पा काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "तुमी जेवायचं सोडलं असतं."

"आणि तू सोडलंस ते?" आप्पा म्हणाले.

यशोदाबाईंनी मला उचलून पाटावर ठेवलं आणि चूल पेटवली.

भात झाला. तारामतीवैनी आमटीची वाटी घेऊन आल्या आणि त्या दिवशी यशोदाबाईंनी ती घेतली. आप्पांनी त्यांना आपल्या शेजारी बसवलं. स्वतःचं ताट बाजूला ठेवलं आणि यशोदाबाईंच्या उजव्या मनगटावर आपली बोटं ठेवली. हात ताटाकडे गेला की बोटं खाली जायची, तोंडाकडे गेला की वर यायची. पहिल्या घासाला त्यांचा हात अडखळला. आप्पा थांबून राहिले. मग हात पुन्हा हलला. सगळं ताट संपेपर्यंत आप्पांनी मनगट सोडलं नाही. मगच ते जेवायला बसले.

मित्रांनो, आमचं सगळं नीट झालं असं मी सांगणार नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा स्कूटर, पुन्हा रांग, पुन्हा तो अंगठा. आप्पांची छाती तोवर साथ देईल की नाही, हे मला ठाऊक नाही. आणि त्या दोन बायकांच्या घरचे डबे आज कसे वाजत असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

जुनी वस्तू बोलायला लागली की शेवटी म्हणते, मला जपा. मला तसं काही म्हणायचं नाही. मला गंज चढला तरी चालेल. मागणं एवढंच आहे, शेजारच्या घरातून सैपाकाचा आवाज येतो म्हणून निर्धास्त राहू नका. अधूनमधून तिथे जा. द्यायला नाही, वाटीभर काहीतरी उसनं मागायला जा. मागितलं की डबा उघडावाच लागतो. आणि गेलात की लगेच उठू नका. त्या घरातली शेवटची बाई ताटावर बसेपर्यंत तिथेच थांबा.