महमूदच्या वाट्याचा बर्फ

खदिजाने नवऱ्याच्या उजव्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढली आणि औषधाचा थेंब आत सोडला. विमानतळावरून घरी येऊन तिने अजून बुरखाही उतरवला नव्हता, तोच महमूदने विषय काढला.

"आता सांग. बर्फाचा सांग."

"चाय तरी घेऊ द्या मना."

"चाय मागाहून. आदी बर्फ."

खाली आखातातल्या तुबली गावच्या गल्लीत कुणीतरी गाडीचं इंजिन रेस करत होतं. याच गल्लीतल्या गॅरेजात तापलेल्या रेडिएटरांची झाकणं उघडण्यात महमूदचा उभा जन्म गेला होता. रायगडातून आलेल्या या मेकॅनिकला थंडी म्हणजे एसीची, एवढंच ठाऊक. गेल्या ऑगस्टमध्ये मात्र जिनिव्हात नोकरी करणाऱ्या मुस्कानने आईबापांना आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड घाटावर नेलं आणि लेकीच्या या एका सहलीने म्हाताऱ्याची झोप उडवली.

त्या दिवशी वर ऊन होतं, तळं होतं, गाईंच्या घंटा वाजत होत्या. भर ऑगस्टात खडकाच्या सावलीत मळकट बर्फाचा एक ढीग उरला होता. महमूद त्याच्यावर तळहात ठेवून कितीतरी वेळ उकिडवा बसला. नेपोलियनच्या फौजेने झाडांची खोडं पोखरून त्यांत तोफा घातल्या आणि इथून ओढून नेल्या, हे ऐकल्यावर त्याने कानाला हात लावला. मग त्याला रस्त्याकडेचे उंच खांब दिसले. हिवाळ्यात रस्ता गडप होतो, तेव्हा वाट कळावी म्हणून ते उभे केलेले. हजारेक वर्षं वाटसरूंना आसरा देणाऱ्या तिथल्या मठातल्या पाद्र्याने हात उंच करून बर्फ कुठवर चढतो ते दाखवलं, तेव्हा महमूदचा आ वासलेलाच राहिला. "हिवाल्यात येनार," तो म्हणाला. "चालत येनार."

आणि तो येणारच होता. तिकिटंही काढून झाली. पण शुगरने डावा डोळा आधीच गिळला होता, त्यात जानेवारीत उजव्याचंही ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला. तो विरेपर्यंत विमान नाही, डोंगर नाही. दिसेल किती, तेही पुढे कळेल.

"तू जा माज्या बदल," तो हट्टाला पेटला. "लोक दुसऱ्याच्या नावानं हज-ए-बदल करतात ना, तसा."

"तोबा करा! हजची बरोबरी कशाला करताव?"

"बरोबरी नाय गं. पण कायदा बग. बदल करनाऱ्यानं आदी सोताचा हज केलेला लागतो. तुजा उनाल्यातला झाला. आता माजा कर."

या कायद्यापुढे खदिजाचं काही चाललं नाही. मुलगा शहजाद बापाजवळ राहिला आणि ती गेली.

आता तो बिछान्यावर कानांत प्राण आणून बसला होता. काय सांगायचं, ते मुस्कानने तिच्याकडून घोकून घेतलं होतं. दुसऱ्या कुणाचे तरी लख्ख उन्हातले फोटो दाखवत ती म्हणाली होती, "अम्मी, जस्ट टेल हिम धिस. ही विल बी सो हॅपी."

"आबाल निला व्हता," खदिजाने सुरुवात केली. "डोंगर नुसते चमकत व्हते. चांदीसारके."

महमूद हसला. "आनि सूर्य? तल्याच्या कुठच्या अंगाला?"

घोडं तिथेच अडलं. खदिजाने बुरख्याच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. दुसऱ्याच्या वाटचं पाहून यायचं आणि त्यात भेसळ करायची, हे तिच्याने होईना.

"खोटा बोलले मी. मना काय दिसला नाय."

"म्हंजे?"

"अर्द्या वाटेत धुकं उतरला. वरून बर्फ. डोंगर नाय, तला नाय, रस्ता नाय. आबाल कुठं नि जमीन कुठं, ता पन कलेना. सगला पांडरा. हात लांब केला तर माजीच बोटा मना दिसेनात. आयुष्यात कदी एवडी घाबरले नव्हते." ती थांबली. मग तिचा आवाज अगदी खाली आला. "आनि मगे भीती गेली. कशी ता इचारू नका. एवडा मोटा कायतरी माज्या भोवती व्हता, आनि मी त्यात राईएवडी पन नाय. मी रडत व्हते, पन दुखानं नाय. अल्लाची शान काय असते, ता मना थय कलला. तुमी थय असायला पायजे व्हते."

खालचं इंजिन बंद झालं. महमूदने हात डोळ्यांसमोर धरला, बोटं उघडली, मिटली.

"मना पन असाच दिसता," तो म्हणाला. "ऑपरेशन झाल्यापासून. डाव्यात काला, उजव्यात सगला पांडरा. मना वाटला, खलास. तू जानार नाय म्हनून बोललो नाय."

खदिजाच्या हातून ओढणी सुटली.

"तू चाललीस कशी त्यात?" त्याने विचारलं.

"मुस्कान पुडं व्हती. तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती पाय टाकील तसा मी टाकला."

महमूदने पाय बिछान्याखाली सोडले. चपला चाचपल्या, मिळाल्या नाहीत, तसाच उभा राहिला. मग हात पुढे करून त्याने हवेत तिला शोधलं. खदिजा उठली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. त्याचा जड तळहात तिच्या खांद्यावर येऊन टेकला.

"यल्ला," तो म्हणाला. "सावकाश चाल."